साडूंच्या वेलीला मी घातलेलं मीठ

भगवानराव गेल्याची बातमी आली तेव्हा मी त्यांच्याविरुद्ध अर्ज लिहीत बसलो होतो. सोसायटीच्या अध्यक्षांना, विषय : सामाईक भिंतीवरून अतिक्रमण करणाऱ्या वेलीबाबत. दोन परिच्छेद झाले होते आणि तिसऱ्यात मी नुकताच ‘अर्जदाराच्या सहनशीलतेचा अंत’ इथवर पोचलो होतो. पोळ्याचा दुसरा दिवस, सकाळचे नऊ-साडेनऊ. भिंतीपलीकडून अक्कांची हाक आली, “शकू... ए शकू, लवकर ये गं!” माझी बायको कणकेच्या हातानं तशीच धावली. मी मात्र आधी वाक्य पुरं केलं, पेनाला टोपण लावलं, चप्पल शोधली आणि मग गेलो. भगवानराव अंगणातल्या खुर्चीत बसल्या बसल्या गेले होते. तोंड वेलीकडे, पाठ आमच्या घराकडे. चाळीस वर्षं त्यांनी मला जी बाजू दाखवली, तीच शेवटीही दाखवली.

ते माझे साडू. फर्दापूरच्या एकाच घरात आम्ही दोघं जावई. थोरली कमल त्यांना दिली, म्हणजे आमच्या अक्का; धाकटी शकुंतला मला. बहिणींना शेजारी शेजारी राहायचं होतं, म्हणून मुकुंदवाडी स्टेशनाच्या अंगाला, जिथं तेव्हा ज्वारी उभी असायची, आम्ही लागून दोन प्लॉट घेतले आणि मधे एक भिंत घातली. त्या भिंतीवरून बहिणी एकमेकींना वाट्या द्यायच्या आणि आम्ही टोमणे. ते कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायचे, मी पाटबंधारे खात्यात कारकून. वयानं ते माझ्याहून दोनच वर्षांनी मोठे, पण त्या दोन वर्षांच्या मधोमध पोलीस ॲक्शन येऊन बसली होती आणि तिचा त्यांनी जन्मभर फायदा उठवला. “रामभाऊ, निजाम गेला तेव्हा मी माझ्या पायानं चालत होतो. तू आईच्या पोटातही नव्हतास.” जसं काही हैदराबाद ह्यांनीच चालत जाऊन घेतलं!

गेलेल्या माणसाबद्दल चार शब्द बरे लिहायचे असतात. लिहितो. भगवानराव कधी खोटं बोलले नाहीत आणि दुसऱ्याला बोलू दिलं नाही. दुसरा भाग असह्य होता. लग्नात हार घालायला गेले तर नवरदेवाला झेंडूचं मूळ गाव सांगायचे. सासरे वारले तेव्हा तोंडात तुळशीचं पान ठेवायच्या क्षणी ह्यांनी भटजींचा हात धरला. म्हणाले, “ही तुळस नाही, हा सब्जा आहे.” सगळं रडणं थांबलं. सासूबाईंनी डोळ्याला लावलेला पदर खाली घेतला. शेजारच्या वृंदावनातून खरी तुळस आणली आणि मगच सासऱ्यांना पुढं जाता आलं. तो सब्जाच होता, हे आणखी वाईट... निदान चुकले तरी असते!

आमचं वैर मात्र फुलांच्या प्रदर्शनापासूनचं. मला बागेची हौस, अक्कल बेताची. कालव्याच्या कामावर गेलो असताना बांधावर एक झुडूप दिसलं, फिकट जांभळी, कर्ण्यासारखी मोठी मोठी फुलं. मी ते कुंडीत लावलं, कुंडीला गेरू दिला आणि प्रदर्शनात ‘दुर्मीळ फुलझाडे’ या विभागात ठेवून आलो. परीक्षक कोण, तर आमचे साडू. त्यांनी कुंडीसमोर उभं राहून खिशातून पेन काढलं, माझ्या चिठ्ठीवरचं ‘दुर्मीळ’ खोडलं आणि वर लिहिलं, ‘बेशरम’. झाडाचं नाव तेच आहे, मराठवाड्यात गुराखीसुद्धा ओळखतो. मीच तेवढा राहिलो होतो. पण माझं नाव खालीच होतं, आणि चिठ्ठी वाचणाऱ्याला वाटेल की हे परीक्षकांचं माणसाबद्दलचं मत. ऑफिसातली निम्मी माणसं प्रदर्शन बघायला आली होती. निवृत्तीच्या दिवशी निरोपाच्या भाषणातही कुणीतरी तो शब्द काढलाच. साडूंना मी भिंतीवरून विचारलं होतं, “घरचा माणूस म्हणून कानात सांगता आलं नसतं का?” ते म्हणाले, “झाडाला घरचं-बाहेरचं नसतं.”

त्यानंतर दोनेक वर्षांनी ते विद्यार्थ्यांची सहल घेऊन कोकणात गेले आणि तिथल्या पुळणीवरून मूठभर बिया घेऊन आले. काळ्या, हरभऱ्याहून मोठ्या, अंगावर मखमली लव. समुद्राच्या पाण्यावर तरंगत कुठून कुठून येतात आणि वाळूत रुजतात, असं त्यांनी अख्ख्या गल्लीला ऐकवलं. वेल मोठी होते, फूल पांढरंशुभ्र, तळहाताएवढं; दिवस मावळताना उघडतं आणि सकाळच्या उन्हात मिटून जातं. लॅटिन नाव ते इतक्या भक्तीनं घ्यायचे की पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी हात जोडले होते. गल्लीनं तिला चांदवेल म्हणून टाकलं. मी फक्त एवढंच विचारलं की कूळ कोणतं. त्यांना खोटं बोलता येत नव्हतं. “बेशरमाचंच,” म्हणाले आणि आत गेले. त्या दिवशी मी दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

त्यांचा एक सिद्धान्त होता. लोक समजतात की ही वेल खारटपणावर जगते. ते चूक आहे. समुद्र बी वाहून आणतो म्हणून ती किनाऱ्यावर दिसते, एरवी तिला मिठाची गरज नाही. आपल्या काळ्या मातीत, हर्सूल तलावाच्या गोड पाण्यावर ती फुलवून दाखवीन. बस्स, एवढंच. एवढ्याचाच एक निबंध लिहायचा होता त्यांना. जन्मभर दुसऱ्यांच्या चुका काढल्या, आता स्वतःचं एक काहीतरी खरं मांडून जायचं, असं अक्कांजवळ म्हणाले होते. वेल भिंतीशी लावली. शेणखत घातलं, कडुनिंबाची पेंड घातली, मासळीचं खतही कुठून तरी आणून घातलं. आम्ही आठ दिवस खिडक्या लावून जेवलो. वेल अशी माजली की तीन पावसाळ्यांत भिंत दिसेनाशी झाली. पानंच पानं. फूल नाही, कळीसुद्धा नाही. रोज संध्याकाळी ते खुर्ची टाकून बसायचे आणि मी माझ्या बाजूनं विचारायचो, “काय साडूबुवा, आज भाजीला पानं द्यायची का?”

मग वेल माझ्या गुलाबांवर उतरली. मी तोडली की चार दिवसांत परत. आसपासच्या मोकळ्या प्लॉटांवर सटवाजीबाबा शेळ्या-मेंढ्या घेऊन यायचे, धनगर माणूस, बोलणं थोडं आणि नेमकं. एका दुपारी साडू कॉलेजात असताना मी फाटक उघडलं आणि म्हटलं, “बाबा, तेवढी वेल चारून टाका बकऱ्यांना.” बकऱ्या आत आल्या. वेलीचा वास घेतला आणि माझे सातही गुलाब मुळापर्यंत खाल्ले. बाबा काठी टेकून बघत होते. म्हणाले, “आरं, शेळी तोंड लावंना म्हंजी त्या पाल्यात कायतरी हाय. शेळीला कळतंय, तुला कसं कळंना?”

आता मी हट्टालाच पेटलो. कालव्याच्या बांधावरची झुडपं मारायला मुळाशी खडेमीठ टाकतात, हे मी खात्यात पाहिलेलं. त्याच वर्षी गणपती उठल्यावर साडू विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याच्या डोंगरात गेले. पाच दिवस मुक्काम. मी रोज दुपारी, बहिणी शेजारी गप्पा मारत असताना, बादलीत मीठ विरघळवून भिंतीवरून वेलीच्या बुडात ओतलं. पाच दिवस, पाच बादल्या. शकू विचारायला लागली, “आवं, बरणीतलं मीठ कुठं चाललंय? लोणचं घालाया घेतलं तर बूड दिसतंय.” मी म्हटलं, पाय शेकतो. समुद्राकाठून आणलेल्या वेलीला मारायला मी समुद्रच घरपोच करतोय, हे पाच बादल्यांत एकदाही माझ्या डोक्यात आलं नाही. साडूंनी माझ्या चिठ्ठीवर जे लिहिलं होतं ते तरी माझ्या अकलेबद्दल काही बोलत नव्हतं...

पंधरा दिवसांत पानं पिवळी पडून गळायला लागली. साडूंचा चेहरा उतरला, माझा खुलला. महिन्याभरात वेल निम्मी झाली. आणि दिवाळीच्या आधल्या आठवड्यात अक्का फाटकातून ओरडत आल्या, “शकू, कळ्या! गुंडाळलेल्या छत्रीगत कळ्या आल्यात बघ!”

पहिलं फूल उमललं त्या संध्याकाळी साडूंनी सगळी गल्ली बोलावली. मलाही जावंच लागलं, भिंत माझीही होती. ऊन उतरलं, स्टेशनावर पॅसेंजर येऊन गेली, आणि सगळ्यांसमोर ती कळी थरथरली. पीळ सैल झाला, आणि बघता बघता फूल थाळीसारखं उघडलं. पांढरं म्हणजे इतकं पांढरं की अंधारायला लागलं तरी तेवढी जागा उजेडात राहिल्यासारखी. मग साडू म्हणाले, “मिठाशिवाय. गोड पाण्यावर.” आणि माझ्याकडं बघून हसले.

माझी अवस्था काय सांगू! खताचा मारा केला की वेल पानांतच रमते. तिला जरा तडाखा बसला की मग फुलाचं सुचतं. हे मला पुष्कळ वर्षांनी एका माळ्यानं सांगितलं. पण तडाखा कुणाचा होता, हे तेव्हाही फक्त मला माहीत होतं. साडूंचा सिद्धान्त साफ चुकला होता. ते चुकले आहेत हे जगात एकट्या मला ठाऊक होतं, आणि मला ते कुणाला सांगता येत नव्हतं! ज्या क्षणाची मी प्रदर्शनापासून वाट पाहत होतो, तो माझ्या स्वयंपाकघरातल्या बरणीच्या बुडाशी पडून होता.

त्यांनी निबंध लिहिला, एक फूल कागदात दाबून वाळवलं, आणि पुण्याला विद्वानांच्या बैठकीत वाचून दाखवलं. तिथं कुणीतरी उठून म्हणालं, फूल तर आम्हीही कोकणातून तोडून आणू शकतो. पुन्हा फुलवून दाखवा. पण पुढच्या पावसाळ्यात मीठ वाहून गेलं असणार. वेल परत पानांनी भरली. कळी नाही. त्यानंतरच्या वर्षीही नाही. त्यांनी ज्यांना बिया दिल्या त्यांच्याकडंही नाही. कॉलेजात कुजबुज सुरू झाली की सरांनी फूल बाहेरून आणलं. ज्या माणसानं प्रेतासमोर भटजींचा हात धरला होता, त्याला आता कुणाच्या वहीतली चूक काढायचीही सोय राहिली नाही. विद्यार्थी मागं हसायचे.

मग एका रविवारी सकाळी ते आमच्या घरी आले. भिंत घातल्यापासून पहिल्यांदा, फाटकातून. हातात टाइप केलेला कागद. त्या संध्याकाळी फूल या भिंतीवर, या वेलीवर उमलताना मी पाहिलं, असं त्यात होतं. खाली गल्लीतल्या पाचसहा जणांच्या सह्या.

“रामभाऊ, सही कर.”

“इतक्या आहेत की.”

“ते म्हणतात, ही सगळी तुमची माणसं. तू माझा माणूस नाहीस. तू माझा वैरी आहेस हे कॉलेजच्या शिपायालाही माहीत आहे. म्हणून तुझीच हवी.”

शकू चहा घेऊन दारात उभी होती. मी कागद वाचला. त्यात दुसरं वाक्य होतं, ‘वेलीस कोणत्याही प्रकारचे क्षार दिलेले नव्हते.’ आता यावर सही करायची म्हणजे मी खोटं बोलायचं, आणि न करायची तर कारण सांगायचं. तिसराही एक रस्ता होता, आणि तो मी निवडला. म्हणालो, “त्या दिवशी मी चष्मा विसरलो होतो. मला काही दिसलं नाही.”

त्यांनी कागदाची घडी केली. नीट, चार कोन जुळवून. “तुला दिसलं होतं,” एवढंच म्हणाले. चहा तसाच राहिला. त्यानंतर माझ्याशी ते थेट कधी बोलले नाहीत, बोलायचं झालं तर वेलीकडं बघून बोलायचे, “काही लोकांना...” अशी सुरुवात करून. मीही काही शेपूट घातली नाही. दरवर्षी अर्ज देत राहिलो. आणि खरं सांगायचं तर एक गोष्ट दरवर्षी गणपती उठले की मनात यायची. एक बादली. रात्री नाही, दिवसाढवळ्या, कुणाला न सांगता एक बादली ओतली असती तर त्यांना पुन्हा फूल दिसलं असतं. मी ओतली नाही. विसरलो म्हणून नाही. त्यांचं ते हसणं मला पुन्हा बघायचं नव्हतं, म्हणून.

तेराव्याला कॉलेजातली जुनी मंडळी आली होती. जेवणं झाल्यावर एकेक जण बोलत होता. त्यांतले एक निवृत्त प्राध्यापक म्हणाले, “ते फुलाचं प्रकरण सोडलं, तर माणूस अगदी स्वच्छ होता.” सगळ्यांनी माना डोलावल्या. अक्का दाराशी बसल्या होत्या, त्यांनी मान खाली घातली. मी उठून उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. मीठ, बादल्या, चष्मा, सगळं. सांगून झाल्यावर मला वाटलं आता चपला येतील. ते प्राध्यापक उठले, माझ्याजवळ आले आणि त्यांनी मला मिठी मारली. “रामभाऊ, मन मोठं आहे तुमचं! गेलेल्या माणसाचं नाव राखायला स्वतःवर ओढून घेतलंत.” बाकीच्यांचे डोळे ओले. जन्मात एकदा खरं बोललो, तर कुणाचा विश्वास बसेना.

अक्कांचा बसला. मंडळी गेल्यावर त्यांनी मला थांबवलं. शकू भांडी आवरत होती, ती हात पुसत दाराशी आली.

“भाऊजी, खरंय ह्ये?”

“व्हय अक्का.”

“म्हंजी इतकी वरसं माझा माणूस लोकांत खोटा पडला, आन् तुमी माझ्या हातचा दिवाळीचा फराळ खात व्हता.”

मी पाट गोळा करायला लागलो.

“त्येंचं म्हणनं चुकलं व्हतं तर. मिठाचं.”

“चुकलं होतं.”

“चुकू दे. चुकायला काय, मानसं चुकत्यात.” त्यांनी डोळे पुसले नाहीत. “खोटं तर नव्हतं ना?”

चार दिवस त्या आमच्या घरी आल्या नाहीत. बहिणींच्या वाट्याही थांबल्या. शकू माझ्याशी बोलेना, लोणचं वाढेना. पाचव्या दिवशी अक्का आल्या त्या हातात साडूंची वही घेऊन. लांबट, कापडी पाठीची. वेल लावल्यापासूनची रोजची नोंद. पाणी किती, खत किती, ऊन किती वाजता आलं. त्या एका दिवाळीची दोन पानं फुलांच्या आकड्यांनी भरलेली. त्याच्या पुढं शेवटच्या दिवसापर्यंत, पोळ्याच्या संध्याकाळपर्यंत, तिरक्या अक्षरात एकच शब्द : ‘नाही.’ ‘नाही.’ ‘नाही.’ अक्का म्हणाल्या, “तुमी सांगितलं त्येला कोन पुरावा म्हननार? त्येंनीच म्हटलं नसतं. करून दावा.”

तेव्हा सध्या मी, वय वर्षं पंचाहत्तरच्या पुढं, गुडघ्यांच्या वाट्या झिजलेल्या, भिंतीवरून नाही तर फाटकातून, वेलीला मिठाचं पाणी घालतो. पाच दिवस, पाच बादल्या, तेव्हासारख्याच. बादली अक्का भरू देतात, उचलू लागत नाहीत. माझा गुन्हा खरा होता हे सिद्ध व्हावं म्हणून मी देवाला नवस बोलायचा तेवढा राहिलो आहे. फूल आलं तर त्या प्राध्यापकांना बोलावणार आहे, पुण्याच्याही कुणाला जमलं तर. आणि तो कागद अजून वहीत आहे, घडी तशीच, त्यातलं क्षारांचं वाक्य खोडून खाली सही करणार आहे. नाही आलं, तर भगवानराव खोटेच राहतील आणि मी मोठ्या मनाचा. त्यापेक्षा बेशरम परवडला. वाचकांपैकी ज्यांनी त्यांना हसून घेतलं असेल त्यांनी सध्या एवढंच ध्यानात ठेवावं, की फूल त्या भिंतीवर उमललं होतं, मी पाहिलं होतं, आणि चष्मा माझ्या नाकावर होता.

वैर मात्र संपलेलं नाही. मेल्यावरही त्यांनी मला कामाला लावलं, ह्याचा राग येतो. रोज संध्याकाळी मला त्यांच्या खुर्चीत बसून वही लिहावी लागते. आज वेलीवर पहिली पिवळी पानं दिसली. मी आनंदानं ओरडलो तर अक्का आतून म्हणाल्या, “पिवळं पडलं म्हंजी फूल न्हवं. किती पानं, त्ये लिवा.” मोजली. तीन. चौथं निम्मं पिवळं आहे, निम्मं हिरवं. ते धरायचं की नाही, कळत नाही. वही मांडीवर उघडी आहे... आणि चूक काढायला कुणी नाही.